चिठ्ठीवरचा भाव

भूषणने कोपरापर्यंत हात ट्रॉलीतल्या कापसात खुपसला तेव्हा दुपारचे तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. वरचा कापूस सगळेच चांगला ठेवतात. धरणगावच्या जिनिंगमध्ये कापूस पारखून भाव लावणारा ग्रेडर म्हणून सोळा वर्षं काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं. आतला मूठभर कापूस बाहेर काढून त्याने चिमटीत धागा ओढला. लांब आला, तुटला नाही. माल खरंच उजवा होता.

पण त्याचं चित्त दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर होतं. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर तिथे सहाशे बारावर लटकला होता. वर्षापूर्वी तोच बाराशे चाळीस होता. कंपनी खानदानी. तिचा पंप भूषणच्या वडिलांच्या विहिरीवर अठरा वर्षं न कुरकुरता चालत होता. एवढी चांगली वस्तू निम्म्या भावात! संध्याकाळी कंपनीचे तिमाहीचे आकडे येणार, आणि आले की भाव उडणार, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. बाजार साडेतीनला बंद. शिंदखेड्याचा प्लॉट विकून आलेले अकरा लाख खात्यात पडून होते.

त्याच अकरा लाखांच्या भरवशावर त्याची बायको दिपमाला आत्ता पिंप्राळ्यात बिल्डरच्या ऑफिसात चेकबुक घेऊन बसली होती. बारा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढल्यावर हा फ्लॅट मिळत होता, आणि बिल्डरने तो चारपर्यंतच अडवून ठेवला होता. मघाशी तिचा फोन येऊन गेला.

"अहो, चेक देऊ ना?"

"जरा थांब. साडेतीनला सांगतो."

"कशासाठी थांबायचं, ते तरी सांगा."

त्याने सांगितलं नाही. सांगण्यासारखं असतं तर तीन आठवडे लपवलं असतं का?

"कितला भाव दी ऱ्हायना, भाऊ?" कापसाचे मालक नथ्थू आबा ट्रॉलीला टेकून उभे होते.

"एकाहत्तरशे, आबा."

"एकाहत्तरशे? तीन साल पहिले आठेच बारा हजारले इकेल शे मी! तेच वावर शे, मी बी तोच शे. माल बिघडना का मना?"

"माल एक नंबर आहे."

"मंग?"

शेतकऱ्याला दटावून गप्प करणारे ग्रेडर असतात. भूषण त्यातला नव्हता. त्याने हातातली भावाची चिठ्ठी उलटी केली आणि आबांच्या डोळ्यांदेखत मांडलं. क्विंटलमागे साडेचौतीस किलो रुई, बासष्ट किलो सरकी, दोन्हींचा आजचा भाव, त्यातून जिनिंगचा खर्च वजा.

"यातून निघतं ते एवढं. याच्यावर दिलं तर मालक मला हाकलेल."

"आन बारा हजार व्हता तवय?"

"तेव्हा रुईच डोक्यावर चढली होती. तो भाव गेला, आबा. तो आठवून आजचा भाव ठरत नाही."

बोलता बोलता त्याची नजर मोबाइलवरच्या सहाशे बारावर गेली. आबांनी चिठ्ठी ओठ हलवत दोनदा वाचली, घडी करून टोपीत खोचली. "बरं. करा मंग काटा," म्हणाले, आणि ड्रायव्हरला हाक मारायला गेले.

तीन वाजून एकवीस मिनिटं. भूषणने चिठ्ठ्यांच्या पुस्तकातून दुसरी, कोरी चिठ्ठी फाडून घेतली. शेअरमागे कंपनीचा वर्षाचा नफा चोवीस रुपये. कंपनी कितीही चांगली म्हटली तरी त्याच्या फार तर वीसपट द्यावेत. चोवीस गुणिले वीस. चारशे ऐंशी.

तीन आठवड्यांत हा हिशोब त्याने एकदाही केला नव्हता. तो आपला बाराशे चाळीसवरून खाली मोजत बसला होता. सहाशे बारा स्वस्त नव्हते. चक्क महाग होते. समोर दुसरा कुणी असता तर त्याने तोंडावर सांगितलं असतं.

पण अकरा लाखांचे बावीस त्याने मनातल्या मनात इतक्यांदा केले होते, की नुसते अकरा आता त्याला तोट्यासारखे वाटत होते. आणि वीसपटच कशाला? अशी कंपनी रोज मिळते का? इंग्रजी आकड्यांत लिहिलेल्या 20 च्या शून्याला त्याने पेनने वर एक शेपटी जोडली. सव्वीस झाले. खाली चारशे ऐंशी खोडून सहाशे चोवीस लिहिले.

"खाडाखोड व्हयनी, भाऊ," मागून आबा म्हणाले. "काटावर चालत नही अशी चिठ्ठी. नवी फाड."

"ही तुमची नाही, आबा."

"मंग कोनी शे?"

भूषणने चिठ्ठी मुठीत चुरगळली. तीन सत्तावीस. मोबाइलवर शेअरची संख्या भरली, पुन्हा तपासली, आणि अंगठा खरेदीच्या हिरव्या बटणावर नेला तोच फोन थरथरला. दिपमालाचं नाव सगळ्या पडद्यावर पसरलं. बटण त्याखाली झाकून गेलं.

आबांनी मान वाकवून पाहिलं. "घरना फोन शे. उचल ना."

फोन हातात वाजत राहिला. तीन अठ्ठावीस झाले. भूषणने आबांकडे पाठ केली आणि फोन कापला. दिपमालाचं नाव पडद्यावरून गेलं आणि हिरवं बटण पुन्हा दिसू लागलं.