अठरा वर्षांचा गीझर

नवा गीझर, पाइप आणि फिटिंग मिळून अकरा हजार, असं संघपाल मेकॅनिकने सांगितलं. जुनी टाकी फुटेल या भीतीने प्रेमिलाकाकू तयार झाल्या.

हुडकेश्वरच्या या घरात संघपाल पहिल्यांदाच आला होता. गीझरचं झाकण उघडून तो बघतच राहिला. अठरा वर्षं बोअरचं पाणी, तरी कॉइलवर क्षाराचा कण नव्हता. झाकणाच्या आत दरवर्षीच्या सफाईची तारीख लिहिलेली होती.

"काकू, कोणाचा हात आहे हा? इतकं साफ काम मले नाही जमत."

"काहून मजाक करून राहिला गा? दरवर्षी तूच त येतो."

संघपालने तारखा पुन्हा पाहिल्या. अक्षर त्याचंच होतं.

काकूंना एकदम काहीतरी आठवलं. त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"मागच्या खेपेले तूच बजावलं होतं. 'मी गीझर काढायले आलो, त मले घरात घेऊ नका.'"