गुरुवारची झोप

"औषध फसलं, काकू. प्रयोग आजपासून बंद." सकाळपासून डॉक्टर मृण्मयीनं हेच सात कुटुंबांना सांगितलं होतं, तिचा आवाजही थकला होता. "आणि काकांना तर औषध मिळालंच नव्हतं. तुलनेसाठी काहींना नुसतं सलाइन देतात, त्यांत ते होते."

हेमलताबाई आता रडतील, नाहीतर भांडतील, असं तिला वाटलं. स्मृतिभ्रंश झालेल्या नवऱ्याचा हात धरून त्या दीड वर्ष दर गुरुवारी साताऱ्याहून एसटीनं येत होत्या.

पण त्यांनी एवढंच विचारलं, "दुसरा कुठला प्रयोग असेल, तर यांचं नाव घालाल?"

"गुण यायची खात्री नसते हो, काकू."

"गुणाची आशा मी केव्हाच सोडलीय, बाई. तुमच्या तपासण्या चालतात, तेवढे चार तास यांना कुणीतरी सांभाळतं. मी बाहेर बाकावर झोपते. आठवड्यात तेवढीच काय ती झोप."

दुसरा प्रयोग नव्हता. मृण्मयीला तसं सांगवेना. ती उठली आणि तिनं काकांचा हात धरला. "चला काका, बागेत चक्कर मारून येऊ. काकू, तुम्ही पडा जरा."

जिन्याशी पोचून तिनं वळून पाहिलं. बाहेरच्या बाकावर पिशवी उशाला घेऊन हेमलताबाई गाढ झोपल्या होत्या.