कान शेवटी जातात

भार्गवरावांचं हृदय सकाळीच थांबलं होतं, पण कपाळावरच्या पट्टीतला हिरवा दिवा अजून लुकलुकत होता. म्हणून घरात कुणी रडत नव्हतं. स्मरणशक्तीसाठी ते वर्षानुवर्षं घेत आलेल्या गोळ्यांनी मेंदूच्या पेशींतल्या ऊर्जेच्या भट्ट्यांना गंज चढू दिला नव्हता. रक्त थांबलं तरी त्या भट्ट्या संध्याकाळपर्यंत धुमसत राहत, आणि माणसाला ऐकू येत राही.

"अहो, भूल दिलीय तुम्हाला," शालनताई त्यांच्या कानाशी सांगत होत्या; केसांतून फिरणाऱ्या हातातल्या बांगड्या किणकिणत होत्या. "उतरेल हळूहळू. मी इथंच आहे."

तेवढ्यात गावाहून भार्गवरावांची थोरली बहीण अक्का आली. तिला पट्टीचं काही ठाऊक नव्हतं. रीत म्हणून तिने मुकाट्याने भावजयीचे दोन्ही हात ओढले आणि पाटाच्या कडेवर आपटले. बांगड्या फुटल्या.

दिवा दचकल्यासारखा भराभर लुकलुकला.

"कप फुटला हो, नुसता कप," शालनताई घाईघाईने म्हणाल्या.

दिवा पुन्हा संथ झाला. त्यांना हायसं वाटलं. सवयीने त्यांनी नवऱ्याच्या केसांतून हात फिरवला.

हात वाजला नाही.

दिवा वेड्यासारखा लुकलुकू लागला, तो विझेपर्यंत थांबला नाही.