देव परतेपर्यंत

"हळू बोला, ताई. देव स्वर्गात गेलेत. ते परतेपर्यंत आमच्या दरीत कुणी आवाज चढवत नाही." होमस्टेच्या मालकीणबाईंनी सकाळपासून तिसऱ्यांदा ओठांवर बोट ठेवलं. मृण्मयी ओशाळली.

"बरं झालं!" नवरा हसला. "पुण्यात हिच्या हाका चौथ्या मजल्यावरून फाटकापर्यंत जातात. लेकीला खेळू दे गं जरा."

समोरच्या बर्फाच्या उतारावर पाच वर्षांची इरा स्लेजवरून घसरत होती. एकदा स्लेज वळली आणि थेट गोठलेल्या नदीवर जाऊन थांबली. इरा उतरली, पलीकडच्या काठाकडे चालू लागली.

मृण्मयीने हाक मारायला तोंड उघडलं. मालकीणबाई शेजारीच होत्या. तिने ओठ मिटले आणि नुसतीच धावत सुटली.

काठावर पोचली तेव्हा स्लेज जागेवर होती. पुढच्या बर्फाला काळं भोक पडलं होतं.

मग तिने हाक मारली. मालकीणबाईही ओरडल्या, स्वर्गात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.