चिमूटभर केस

“एवढेच निघाले बगा,” म्हणत केशरबाईनं कागदाची पुडी टेबलावर ठेवली. आत चिमूटभर काळे केस होते.

डॉक्टर हरिहरांनी पुडी नाकाशी नेली. खोबरेलाचा वास आला.

“कुत्र्याला तेल लावता?”

“रविवारी. बरं वाटतं त्याला.”

हरिहर खूश झाले. खोपटच्या एस.टी. डेपोसमोरच्या त्यांच्या दवाखान्यात बकरीपासून पोपटापर्यंत सगळे येत, पण कुत्र्याचे असे लाड करणारी बाई पहिलीच. त्यातून केस तपासणं हे तर त्यांचं खास वेड. शरीरात कुठलं खनिज कमी पडलं, कुठलं साठलं, ते केसांत उतरतं, हे ते येईल त्याला ऐकवत. प्रयोगशाळेतला एक मित्र यंत्रावर तपासून आकडे पाठवी. “स्वतःच्या डोक्यावर उरले नाहीत, म्हणून कुत्र्यांचे जमवतात,” असं कंपाउंडर दामाजी तोंडावर म्हणे.

“होतंय काय त्याला?”

“जेवान जात नाय. पोटात कळ येते. उगाच अंगावर येतो, मग गुमान बसून ऱ्हातो. पुढला उजवा पाय थरथरतो.”

“घेऊन या एकदा.”

“डागदरचं नाव काढलं की घरात पाय ठेवत नाय.”

पंधरा दिवसांनी आकडे आले. हरिहरांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचले. केसांत शिसं होतं, आणि भरपूर होतं. त्यांनी केशरबाईला बोलावून घेतलं.

“दिवसभर असतो कुठे हा?”

“डोंबिवलीला, कंपनीत. जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवतात तिथं.”

“तुमच्या शीळफाट्यापासून तिथवर जातो?”

“सकाळी सात वाजले की निघतोच.”

“मग बांधून ठेवा.”

केशरबाई ओशाळं हसली. “त्याला कोन बांधनार?”

हरिहरांनी दूध, अंडी, नाचणी असा आहार लिहून दिला. कंपनीतून आल्या आल्या अंग धुवायला सांगितलं. दोन महिन्यांनी नवे केस आणायचे ठरले.

त्या दोन महिन्यांत त्या कुत्र्यानं हरिहरांना झपाटलं. दुपारी दवाखाना रिकामा झाला की खुर्चीत त्यांचा डोळा लागे, आणि मिठागरांच्या बांधावरून तो काळा कुत्रा चालत येई. दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग, वर खाडीचं धुकं. तो थकलेला असे, तरी थांबत नसे. हरिहर हाक मारत. तो वळून बघे आणि पुढे जाई. जाग आली तरी काही वेळ समोरच्या एस.ट्या धुक्यातूनच सुटल्यासारख्या वाटत. न पाहिलेल्या जनावरावर एवढी माया का जडावी, हे त्यांना कळत नव्हतं. हा वाचला पाहिजे, एवढं मात्र कळत होतं.

केशरबाई ठरल्या दिवशी पुडी घेऊन आली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली, तेव्हा आकडे आधीपेक्षा वाईट निघाले होते.

“अंडी खातो ना?”

“अर्धं खातो. अर्धं पोरांच्या ताटात टाकतो.”

“वा! कुत्रा आहे की संत!” हरिहर हसले आणि लगेच गंभीर झाले. “हे बघा, असंच चाललं तर तो दिवाळी बघणार नाही. रविवारी मी स्वतः गावात येतो.”

“नको!” ती इतक्या जोरात म्हणाली, की दामाजीच्या हातून बाटली निसटता निसटता राहिली. “तुमी नका येऊ. औषध द्या. मी पाजते कसंबी. भाकरीत घालते.”

तिचे डोळे भरून आले होते. हरिहरांना वाईट वाटलं. कुत्र्यासाठी रडणारी माणसं त्यांनी पाहिली होती, पण इतकी घाबरलेली नव्हती पाहिली.

“एक औषध आहे,” ते म्हणाले. “शिसं ओढून बाहेर काढतं. पण जालीम आहे. वजनाप्रमाणेच द्यावं लागतं.” त्यांनी पेन उघडलं. “किती किलोचा असेल? पंधरा? वीस?”

केशरबाईनं दाराकडे पाहिलं.

“अंदाजानं सांगा.”

“कमी लिवलं तर गुन येनार नाय?”

“नाही येणार. आणि जास्त झालं तर औषधच जीव घेईल. म्हणून खरं सांगा.”

केशरबाईनं उठून दाराला कडी लावली, पदर तोंडाशी धरला आणि म्हणाली, “बासष्ट किलो. कंपनीत कळू देऊ नका, डागदर. कामावरनं काढतील त्याला, आन् घरात तीन पोरं हायत आमची.”