तुलाराम चष्मेवाल्याची चौकशी

जीप दारात थांबली तसं ललिताबाईनं तांदळाचं सूप ओट्यावरच ठेवलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. आरोग्य खात्याचे साहेब भंडाऱ्याहून आले होते, तिच्या नवऱ्याची चौकशी करायला. लाखनीतला तुलाराम चष्मेवाला डॉक्टर नाही, त्याच्याकडे परवाना नाही, तरी लोकांचे डोळे तपासून नंबर काढतो, अशी तक्रार कुणीतरी केली होती.

हे ‘कुणीतरी’ म्हणजे गोमाजी, यात ललिताबाईला तीळमात्र शंका नव्हती. गोमाजीला मोतीबिंदू झाला होता आणि त्याला हवा होता चष्मा. तुलारामनं चष्मा दिला नाही, सरळ दवाखान्याचा रस्ता दाखवला. तेव्हापासून गोमाजीचं तोंड वाकडं. गेल्या संक्रांतीला ललिताबाईनं त्याच्या घरचं हळदीकुंकूसुद्धा टाळलं होतं.

साहेबांबरोबर तीन माणसं उतरली. भंडाऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना आधीच तपासलं होतं.

“यांना काय आहे ते मला ठाऊक आहे,” साहेब म्हणाले. “तुम्ही तपासून सांगा. चुकलात तर दुकान बंद.”

“हो जी,” तुलाराम म्हणाला. एवढंच.

बातमी फुटायला वेळ लागतो होय? बघता बघता दारात अर्धी लाखनी गोळा झाली. सडकेवरच्या हॉटेलातले ट्रक ड्रायव्हरही चहा टाकून आले. त्यातल्या निम्म्यांच्या नाकावर तुलारामनंच दिलेला चष्मा होता. ललिताबाईला त्या घोळक्याकडे पाहून भरून आलं. या माणसानं उमेदीची वर्षं नागपुरात एका मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली काढली होती. तो डॉक्टर म्हणायचा, भिंगं कुणीही बदलतं, तुलाराम माणूस पाहून बदलतो. आणि आज त्याच तुलारामला परीक्षेला बसवलं होतं. तिला साहेबांचा राग आला आणि नवऱ्याचा अभिमानही वाटला, दोन्ही एकाच वेळी.

पहिला आला तो किराणा दुकानदार. तुलारामनं त्याच्या नाकावर लोखंडी फ्रेम चढवली आणि आपल्या पेटीतलं एकेक भिंग तिच्यात घालत राहिला. “हे बरं का हे? घाई नोका करू. आता पाहा.” शेवटी त्यानं नंबर सांगितला. साहेबांनी मान हलवली. दुसरी एक म्हातारी होती. तिला अक्षरं येत नव्हती, म्हणून तुलारामनं तिच्या हातात सुई-दोरा दिला. भिंगं बदलता बदलता एकदाचा दोरा ओवला गेला तशी म्हातारी खुदकन हसली. तिचाही नंबर जुळला.

तिसरा देवाजी. त्यानं भिंतीवरचा तक्ता खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जा बापा घरी. तुलारामनं स्टूल ओढलं आणि तो देवाजीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“काचबिंदू बाजूनं खाते, साहेब. समोरचं साफ दिसते, म्हणून माणसाले पत्ताच लागत नाही.” त्यानं देवाजीला एक डोळा झाकायला सांगितला, स्वतःचा समोरचा डोळा झाकला. “माह्या डोळ्यात पाहत राहा. मी बाजूनं बोट आणतो. दिसलं का सांगजो.” मग साहेबांकडे वळून म्हणाला, “यात माप म्हणजे तपासणाऱ्याचाच डोळा. मले दिसते तवाच त्याले दिसाले पाहिजे.”

बोट हळूहळू आत येऊ लागलं.

“दिसलं,” देवाजी म्हणाला.

तुलाराम क्षणभर थांबला. “बराबर.”

वरून, खालून, दुसऱ्या बाजूनं, दोन्ही डोळ्यांचं झालं. तुलारामच्या कपाळावर घाम आला होता. ललिताबाईला वाटलं, धावत जाऊन पदरानं पुसावा.

“याचे डोळे एकदम चांगले आहेत,” तुलाराम म्हणाला. मग त्यानं विचारलं, “माहं काही तपासाचं आहे का, साहेब?”

“तुमचं काय तपासायचं? तिन्ही बरोबर.” साहेब उठलेच. दाराशी येऊन त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “नंबर काढणाऱ्याला परवाना द्यायचा असा कायदाच नाही. जे दिलंच नाही ते मी काढून कसं घेऊ? आणि हे डॉक्टरकी करत नाहीत, दवाखान्याचं काम दवाखान्यात पाठवतात. खुशाल चालू द्या.”

लोकांनी टाळ्या पिटल्या. ललिताबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तरी मनातला काटा निघेना. ती जीपपाशी गेली.

“साहेब, तक्रार गोमाजीनंच केली ना?”

“कोण गोमाजी? अहो बाई, तुमचे मालकच आले होते. माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, लाखनीच्या तुलारामले बंद करा.” साहेब हसले. “सरकारकडून शाबासकी हवी असेल, दुसरं काय.”

जीप गेली. ललिताबाईला हसूही आलं आणि लाजही वाटली. बिचारा गोमाजी. उद्याच त्याच्या घरी जायचं असं ठरवून ती आत आली. तुलाराम अजून त्याच स्टुलावर बसला होता.

“काहून जी, शाबासकीच पाहिजे होती तं मले सांगाचं होतं. मी केली असती.”

“शाबासकी नाही,” तो म्हणाला. “कुलूप पाहिजे होतं. माह्यानं पेटी सोडवत नाही, अन् हे लोक सोडू देत नाहीत.”

“कायले सोडाची?”

तुलारामनं हात वर केला आणि एक बोट कानाजवळ धरून ठेवलं.

“देवाजी ‘दिसलं’ म्हणे, तवा मले माहं बोट दिसतच नव्हतं.”