पाळण्यातलं नाव

बाळाचं नाव गिरिजानं कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी नवऱ्यालाही नाही. उद्या बारशाला आत्या ते बाळाच्या कानात सांगेल. त्याआधी ते कुणाच्या तोंडी आलं तर काहीतरी वाईट होईल, अशी धास्तीच तिनं घेतली होती.

डब्लिनच्या इंडियन स्टोअरमधून परतताना कारच्या रेडिओवर ते इंग्रजी कंट्री गाणं लागलं. महिनाभर जिकडेतिकडे तेच वाजत होतं. तीन पुरुष आपल्या लाडकीला आळवत होते: दार उघडं ठेव, मी तुला न्यायला येतोय.

धृपदाच्या शेवटी त्यांनी तिला नावानं हाक मारली. "मृण्मयी." पुण्याच्या माणसानं घ्यावं इतकं स्वच्छ.

गिरिजानं झटकन मागे वळून बाळाकडे पाहिलं.

तिचा नवरा सत्यजित हसला. "अगं, मराठी नाव? रोज ऐकतो, कधी लक्षात नाही आलं. हेच ठेवू या ना यार, क्यूट आहे."

"नको. हे नाही ठेवायचं."

तिनं मनातल्या मनात ते नाव पुसलं आणि घाईघाईनं दुसरं ठरवलं. ओठसुद्धा हलू दिले नाहीत.

शेवटचं धृपद आलं. तेच तीन आवाज, पण आता अगदी हळू, झोपलेल्याला उठवावं तसे.

"ओवी."

मागच्या सीटवरून बाळानं हुंकार दिला.